राखणदाराचा वाटा

“मारायचं इंजेक्शन द्या,” फुलसिंग नायक म्हणाले. “एकदाच काय ते होऊन जाऊ द्या.”

माझा हात त्या वेळी खांद्यापर्यंत एका म्हशीच्या आत होता. गाभण आहे की नाही हे तपासायची आमची तीच पद्धत आहे. अशा अवस्थेत माणूस फार वाद घालू शकत नाही. मी एवढंच विचारलं, “कुणाला मारायचं?”

“कुत्र्यायला. तांड्यावरच्या समद्या.”

“पिसाळलंय का एखादं?”

“न्हाई. पन लक्ष्मणच्या बायकोच्या पोटातून नारळाएवढी गाठ काढली नांदेडला. तिथला डॉक्टर म्हणला, हे कुत्र्यापासून होतंय. मंग ठेवायचे काहून?”

हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी सेनगाव तालुक्यातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात होतो. पुसेगावच्या अलीकडे माळावर एक तांडा आहे. पूर्वी इथल्या लोकांचे बैलांचे तांडे धान्य आणि मीठ वाहायचे. आता शेती आणि शेळ्या. फुलसिंग हे त्या तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख. सरपंच निवडून येतो आणि पडतो, नायकाचं तसं नसतं. ते बोलले की तांडा ऐकतो. म्हणून मला त्यांच्या बोलण्याची भीती वाटली.

“निरोगी कुत्र्यांना मारायचं इंजेक्शन मी देणार नाही,” मी हात धुताना म्हणालो.

“नका देऊ. कपाशीच्या फवाऱ्याचं औषध हाये घरोघरी. भाकरीत कालवलं की झालं.”

हे ते धमकी म्हणून सांगत नव्हते, सोय म्हणून सांगत होते. फवारणीच्या औषधाने कुत्रं कसं मरतं ते मी अनेकदा पाहिलेलं आहे. तोंडाला फेस येतो, अंग थडथडत राहतं, आणि शुद्ध लवकर जात नाही. उरलेली भाकरी कोंबड्या खातात, कधी एखादं रांगतं लेकरू उचलतं. मी नायकांना म्हणालो, “उद्या मी तांड्यावर येतो. तोवर थांबा.”

“या,” ते म्हणाले. “थांबतो. पन पटायला पाहिजे.”

आता ही गाठ काय असते ते सांगतो. कुत्र्याच्या आतड्यात एक जंत राहतो. तिळापेक्षा फार मोठा नसतो. कुत्र्याला त्याचा काही त्रास होत नाही, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि गवतावर, पाण्यात, कुत्र्याच्या अंगावरच्या केसांवर बसतात. गवतातून ती शेळीच्या पोटात जातात, हातातून माणसाच्या. मग काळजात, म्हणजे यकृतात, किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली पिशवी वाढू लागते. ती वर्षानुवर्षं वाढते. माणसाच्या बाबतीत ती एक दिवस सर्जनच्या टेबलावर निघते. आणि कुत्र्याला हा जंत कुठून होतो? शेळी कापल्यावर ती पिशवी असलेलं कच्चं काळीज किंवा फुप्फुस त्याने खाल्लं की होतो. दुसऱ्या कुठूनही नाही. म्हणजे नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं ते खरंच होतं, फक्त अर्धं होतं.

दुसऱ्या दिवशी आमचे परिचर गफूरभाई यांना घेऊन मी तांड्यावर गेलो. लक्ष्मणच्या घरापुढे माणसं जमलेली होती. लक्ष्मणची आई सक्रीबाई ओट्यावर बसून एका तांबूस, थोराड कुत्र्याच्या कानातले गोचीड उपटत होती आणि झाकणातल्या रॉकेलमध्ये टाकत होती. गोचीड एरंडाच्या बियांसारखे टम्म फुगलेले. या कुत्र्याचं नाव भुऱ्या. सक्रीबाईच्या शेळ्या त्याच्या भरवशावर माळावर चरायच्या.

“डागदर,” ती म्हणाली, “नायकाला इचारा. लांडगा आला तं त्यो सोता भुंकल का?”

माणसं हसली. नायक म्हणाले, “याडी, जरा तोंड सांभाळून.” याडी म्हणजे आई, तांड्यावर वयस्कर बाईला सगळे तसंच म्हणतात.

“तोंड काय सांभाळू? शेळ्या तू सांभाळ.”

लक्ष्मण चिडला. “तुला कुत्रं पाहिजे का सून पाहिजे? तिचं पोट फाडून आनलंय इथं.”

म्हातारीने झाकण बाजूला ठेवलं आणि कुत्र्याचा कान सोडला.

तेव्हा आतून कविता बाहेर आली. लक्ष्मणची बायको. पोटाला पट्टा बांधलेला, चौकटीला धरून उभी. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “मला कुत्रं मारायचं न्हाई. मला पोट परत फाडून घ्यायचं न्हाई. दोन्ही होत असंल तं सांगा. न्हाई तं ते म्हणतात तसं होऊ द्या.”

इतका स्वच्छ प्रश्न मला खात्याच्या एकाही मीटिंगमध्ये कुणी विचारलेला नाही.

“दोन्ही होतं,” मी म्हणालो, आणि सगळ्यांना समजेल असं सांगितलं. कुत्र्यांना या जंताची गोळी द्यायची. मग दोन-तीन दिवस बांधून ठेवायची, कारण गोळीने जंत मरतो, अंडी मरत नाहीत. ती विष्ठा खोल पुरायची. दर दीड महिन्याने पुन्हा गोळी. कुत्र्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे. गोचिडांची पावडर वेगळी, ती मी देईन. पण शेतातल्या फवाऱ्याचा थेंबही कुत्र्याच्या अंगाला लावायचा नाही. आणि कच्चं काळीज, फुप्फुस कुत्र्यापुढे टाकायचं नाही.

शेवटच्या वाक्याला कुजबुज झाली. गफूरभाई माझ्या कानाशी म्हणाले, “साहेब, ये नहीं मानेंगे.”

कारण तांड्यावर बोकड कापला की सगळ्यात आधी राखणदाराचा वाटा निघतो. ज्याने वर्षभर शेळ्या राखल्या त्याला आधी, मग देवाला, मग माणसांना. फुप्फुसाचा आणि काळजाचा एक तुकडा नायक स्वतःच्या हाताने कुत्र्याला देतात. मला ही पद्धत ऐकून बरं वाटलं होतं. इतका न्याय मी आमच्या बदल्यांच्या यादीतही पाहिलेला नव्हता. दुर्दैवाने जंताला न्याय कळत नाही.

“शिजवून द्या वाटा,” मी सुचवलं. “शिजलं की काही भीती नाही.”

“बघू,” नायक म्हणाले. “पुढच्या आमुशापर्यंत थांबतो. गोळ्या आना. न्हाई तं आमी आमचं करू.”

या जंताला लागणारी गोळी आमच्या स्टॉकमध्ये नव्हती. गायी-म्हशींना पाजायचं पातळ जंतनाशक होतं, पण ते गोल जंतांवरचं. हा चपट्या जातीचा, त्याला ते पुरत नाही. मी हिंगोलीला साहेबांकडे गेलो. साहेब म्हणजे माझ्या वरचे अधिकारी. ऑफिस भाड्याच्या दोन खोल्यांत होतं आणि साहेबांच्या नावाची पाटी खोलीच्या दारापेक्षा रुंद होती.

“कुत्रा पशुधनात येत नाही,” साहेब म्हणाले.

“शेळी येते, सर. शेळीला हे कुत्र्यापासून होतं.”

“मग शेळीला औषध द्या.”

“शेळीला औषध देऊन ही गाठ जात नाही, सर.”

“मग उपयोग काय?”

“म्हणून कुत्र्याला द्यायचं.”

“तो पशुधनात येत नाही, हे मी तुम्हाला आत्ताच सांगितलं.”

पशुगणनेच्या वेळी आम्ही दारोदार फिरून कुत्रीसुद्धा मोजतो. मोजून झाली की त्यांचा आमचा संबंध संपतो. गाय दूध देते, शेळी मटण देते, म्हणून त्यांना स्कीम आहे. कुत्रा फक्त त्या दोघींना जिवंत ठेवतो, त्याला स्कीम नाही. मी हे साहेबांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, “तुम्ही लिहिता फार छान बोलता, पण रिपोर्ट वेळेवर देत नाही.” वाक्य त्यांचंच आहे, मी दुरुस्त केलेलं नाही.

गोळ्या शेवटी एका औषध कंपनीच्या प्रतिनिधीने सँपल म्हणून दिल्या. तांड्यावरच्या सगळ्या कुत्र्यांना एकदा पुरतील एवढ्या. मी शांतपणे एका सकाळी जाऊन काम उरकणार होतो. पण कविताच्या ऑपरेशनची बातमी कुठल्याशा पेपरात आली, एका पदाधिकाऱ्यांनी साहेबांना फोन केला, आणि जो प्राणी पशुधनात येत नव्हता त्याच्यासाठी ‘श्वान आरोग्य महाशिबिर’ ठरलं.

“काय काय लागेल?” साहेबांनी मला विचारलं.

“दोऱ्या, चुना, आणि खड्डे खणायला दोन माणसं.”

“ते बघू. स्टेज, माईक, बॅनर, शाली यांचं मी सांगितलंय. गोचिडांच्या पावडरीचे डबे भरपूर ठेवा, पाहुण्यांच्या हस्ते वाटप आहे.”

“खरं काम जंताच्या गोळीचं आहे, सर.”

“गोळीचा फोटो काय येणार?”

शिबिराच्या दिवशी मी आणि गफूरभाई उजाडायला तांड्यावर होतो. दोऱ्या आल्या नव्हत्या. बायकांनी शेळ्यांच्या दावणीच्या दिल्या. चुना आला नव्हता. दोन तरुणांनी खड्डे मात्र खणले. गुळात गोळी घालून एकेका कुत्र्याला चारली. ज्यांनी गूळ खाऊन गोळी थुंकली त्यांच्या मालकिणींनी जबडा उघडून ती घशात सारली. भुऱ्याची गोळी सक्रीबाईने दिली आणि त्याला स्टेजमागच्या बाभळीला बांधलं. “दोन दिवस इथंच,” ती त्याला म्हणाली. “बोंबलू नको. तुझ्याच जिवासाठी हाये.”

ऊन वर यायच्या आत सगळी कुत्री बांधून झाली होती. खऱ्या अर्थाने शिबिर तिथे संपलं. उरला तो कार्यक्रम.

पाहुणे, म्हणजे फोन करणारे ते पदाधिकारी, दुपार उलटल्यावर आले. तोवर तांडा मंडपात बसून होता, कापूस वेचायचा सोडून. उद्घाटनासाठी साहेबांनी हिंगोलीहून एका ठेकेदाराचा पांढराशुभ्र पॉमेरियन जीपमधून आणवला होता. तांड्यावरची कुत्री फोटोजोगी नव्हती, हे त्याचं कारण. त्या कुत्र्याच्या अंगावर गोचीड औषधालाही नव्हता. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि पाहुण्यांनी त्याच्या पाठीवर चिमूटभर पावडर टाकली. टाळ्या झाल्या. कुत्रं शिंकलं.

गफूरभाई म्हणाले, “इसका तो इलाज हो गया.”

मग भाषणं. पाहुणे कुत्र्याच्या इमानावर बोलले, तरुणांच्या व्यसनावर बोलले, पाझर तलावावर बोलले. जंत हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. जेवणाआधी तो उच्चारू नये असं त्यांना कुणी तरी सांगितलं असावं. कारण स्टेजमागे चुली पेटल्या होत्या आणि मटणाचा वास मंडपात आला होता. पाहुण्यांसाठी तांड्याने बोकड कापला होता. बोकड आपलं म्हणायचं. ती चांगली वय झालेली जुनी शेळी होती.

तो वास आल्यावर मला राखणदाराचा वाटा आठवला. मी उठून मागे गेलो.

नायक बाभळीपाशी उभे होते. हातात स्टीलची परात. परातीतला फुप्फुसाचा मोठा तुकडा त्यांनी नुकताच भुऱ्यापुढे ठेवला होता. भुऱ्याने त्यावर पंजा रोवला होता आणि लचका तोडायला तोंड घातलं होतं. आणि त्या फुप्फुसावर, लिंबाएवढे, पाण्याने भरलेले, पांढुरके तीन फुगे मला लांबूनच दिसत होते.

“नायक, अहो काय करता?”

ते शांतपणे म्हणाले, “वाटा देऊन राहिलो.”

“ज्याला विष घालायचं म्हणत होता त्याला?”

“मारायचं ते मारू. पन बोकड कापला अन् वाटा चुकवला, असं आजवर न्हाई झालं.”

मी भुऱ्याच्या तोंडातून ते ओढायला गेलो. तो माझ्यावर गुरगुरला आणि ते रास्तच होतं, त्याचा वाटा होता. तेवढ्यात सक्रीबाई धावत आली. तिने एका हाताने त्याच्या मानेची कातडी धरली, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने जबड्याच्या कोपऱ्यात दाबलं, आणि त्याने तोंड उघडलं. मी हातमोजे चढवून फुप्फुस उचललं. फुगे शाबूत होते.

सकाळी दिलेली गोळी आतले जंत मारते. उद्या येणाऱ्या जंतांवर तिचा काही इलाज नाही. हे फुगे पोटात गेले असते तर दीड-दोन महिन्यांत भुऱ्या पुन्हा अंडी टाकू लागला असता, कविताच्या ओट्यावर. आमच्याच शिबिरात, आमच्याच पाहुण्यांच्या जेवणातून.

मी नायकांना दगडापाशी बोलावलं आणि एक फुगा ब्लेडने हळूच कापला. निवळ पाणी ओघळलं. आत अंड्याच्या पापुद्र्यासारखं पांढरं अस्तर, आणि तळाशी बारीक वाळूसारखे कण.

“या एकेका कणातून एक जंत होतो,” मी म्हणालो.

नायक वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “नांदेडला डॉक्टरनं ट्रेमधी दाखवलं होतं. आसंच पांढरं पातळ होतं. मला वाटलं, बाईच्या पोटातलं कायतरी वेगळं आसल.”

“तेच आहे. शेळीच्या आत तेच, बाईच्या आत तेच.”

“आमी म्हणायचो शेळीनं पावसाळ्यात लई पानी पिलं, ते साचलंय. लहानपनापासून देऊन राहिलो हे कुत्र्याला.” त्यांनी परात खाली ठेवली. “म्हंजे आमीच.”

“तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.”

“तुमी सांगितलं होतं,” ते म्हणाले. “मी मानलं न्हाई.”

माझा सत्कार पुकारला गेला होता आणि मी स्टेजवर नव्हतो, म्हणून साहेब मागे आले. हातात माझी शाल. त्यांनी दगडावरचं ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

“हे झाका आधी. हे त्याच शेळीचं आहे? पाहुण्यांच्या ताटात जाणार तिचं?”

“मटण शिजलेलं आहे, सर. त्याची भीती नाही. भीती कुत्र्याची आहे, त्याने हे कच्चं—”

“कुत्र्याचं सोडा हो. आवाज खाली करा.”

पण पाहुण्यांचे कार्यकर्ते त्यांच्या मागे मागेच आले होते. हात धुवायला आलेल्या पाहुण्यांपर्यंत ही गोष्ट आमच्या आधी पोचली. पाहुण्यांनी दगडाकडे एकदा पाहिलं, त्यांना एकदम वसमतची मीटिंग आठवली, आणि गाड्यांचा ताफा धुरळा उडवत निघून गेला. पॉमेरियन हारासकट जीपमध्ये बसला. साहेब जाताना मला म्हणाले, “तुम्ही खात्याची अब्रू घालवलीत.”

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझं डोकं फिरलं होतं. एका बाईचं पोट फाडावं लागलं, तेव्हा खात्याची अब्रू शाबूत होती. औषध नाही, चुना नाही, दोरी नाही, तेव्हाही शाबूत होती. ती गेली कधी, तर जे सगळ्यांना दिसायला हवं होतं ते पाहुण्यांना दिसलं तेव्हा. मी म्हणालो, “सर, शाल ठेवून जा. भुऱ्याला बांधायला दोरी कमी पडलीये.” त्यांनी ठेवली नाही.

पाहुणा न जेवता गेला ही तांड्याला मोठी नामुष्की. लक्ष्मण कुरकुरू लागला. नायकांनी त्याला तिथेच थांबवलं. “गेले तं गेले. मटण आपल्याला जास्त.” मग मंडपातल्या माईकवरून, कारण तो अजून चालू होता, त्यांनी सांगितलं. कुत्री मारायची नाहीत. तांड्यावर जनावर कापायचं ते एकाच ठिकाणी, आणि फुग्याचं काळीज-फुप्फुस तिथल्या तिथे जाळून खड्ड्यात पुरायचं, वर दगड. राखणदाराचा वाटा राहील, पण उकळलेला, आणि तो अजूनही आधी निघेल. ज्याने कच्चं टाकलं त्याच्या घरचं निमंत्रण नायक घेणार नाहीत. त्या दिवशीच्या सगळ्या भाषणांत कामाचं भाषण हे एवढंच झालं, आणि ते ऐकायला एकही फोटोग्राफर उरला नव्हता.

ते फुप्फुस आम्ही चुलीच्या जाळात घातलं. कविता ते पूर्ण जळेपर्यंत उभी राहून बघत होती. मग सासूला म्हणाली, “हात धुवा. साबनानं धुवा. दोनदा.” सासूने निमूट धुतले. मला वाटतं, त्या घरात तसं पहिल्यांदाच घडत होतं.

पेपरात आलं की शिबिरात शेकडो श्वानांना लाभ झाला. तांड्यावर तेवढी माणसंही नव्हती. मला अन्नाविषयी घबराट पसरवल्याबद्दल मेमो मिळाला. मी उत्तर दिलं की घबराट ज्यांच्यात पसरली ते जेवले नाहीत, आणि जे जेवले त्यांच्यात ती पसरली नाही. यावर पुढे काही आलं नाही. फक्त माझी बदली आली.

बदली होईपर्यंत मी दर दीड महिन्याने त्याच प्रतिनिधीकडून गोळ्या मागून घेऊन जात राहिलो. मी गेल्यावर गफूरभाई जात राहिले. तांड्यावर पुन्हा कुणाला गाठ होईल की नाही हे कळायला वर्षं लागतात, कारण ती फार सावकाश वाढते. तेव्हा विजयाची बातमी मी देणार नाही. कविताच्या दरवर्षीच्या तपासणीत पोट साफ निघालं, एवढं मला लक्ष्मणने हिंगोलीच्या स्टँडवर भेटून सांगितलं. भुऱ्याचं काय, विचारल्यावर म्हणाला, “हाये. आता ऐकू येत न्हाई. तरी लांडग्याचं त्यालाच आधी कळतंय.”

त्यानंतर नोकरीत अनेक गावांतली माणसं कुत्री मारायचं इंजेक्शन मागायला आली. मी प्रत्येकाला एकच विचारतो: शेवटचं जनावर कधी कापलं आणि आतलं कुठे टाकलं? माणूस म्हणतो, कुत्र्यापुढे. तिथून पुढचं काम फावड्याचं असतं, आणि त्याच्या उद्घाटनाला अजून तरी कुणी पाहुणे मागितलेले नाहीत.